चिप घडवणारी यंत्रं आणि भागधारकाची नजर



गावात गुऱ्हाळ सुरू झालं म्हणजे सगळं बोलणं चालतं ते उसाचं आणि गुळाच्या भावाचं. कोणाच्या उसाला उतारा किती पडला, ढेप कशी बसली, पेठेत भाव काय निघाला, याची चर्चा पारावर रंगते. चरक कोणी घडवला हे मात्र कोणी विचारीत नाही. पण भर हंगामात चरक बंद पडू द्या, म्हणजे त्याचं मोल कळतं. ऊस फडात वाळतो, कढई थंड पडते आणि माणसं नुसती बसून राहतात.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अशाच चरकांविषयी. मात्र हे चरक उसाचे नव्हेत. मोबाइल, संगणक, मोटारगाडी, वीजमीटर, इतकंच काय, शेतातल्या पंपाचा नवा नियंत्रक, या सगळ्यांच्या पोटात एक नखाएवढी चिप असते. ती चिप घडवणारी जी यंत्रं, ती करणाऱ्या कंपन्यांचा धंदा कसा चालतो आणि त्यांत ज्यांनी पैसे गुंतवले आहेत ते कशावरून वाद घालतात, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हॉलंड, जपान आणि अमेरिकेतल्या या कंपन्यांशी आमचा काय संबंध? संबंध असा, की घरातला नोकरी करणारा मुलगा आता म्युच्युअल फंडात पैसे टाकतो, आणि त्यांतले काही फंड परदेशातल्या कंपन्यांचे शेअर घेतात. शाळेतल्या गुरुजींना निवृत्तीच्या पैशाचं काय करावं असा प्रश्न पडलेला असतो, आणि ‘चिपचा जमाना आहे, आता नाही तर कधीच नाही’ असं सांगणारा कोणी तरी त्यांना भेटतोच. अशा वेळी धंद्याची नाडी ठाऊक असलेली बरी. कंपनीचं नाव ऐकून पैसे टाकणं म्हणजे बैलाची शिंगं रंगवलेली पाहून बैल घेण्यासारखं आहे. दात पाहायला नकोत काय?

तेव्हा आधी कामाची रीत समजून घेऊ. सिलिकॉन नावाचं मूलद्रव्य वाळूतून मिळतं. ते अत्यंत शुद्ध करून त्याच्या आरशासारख्या गुळगुळीत चकत्या कापतात. मोठी चकती ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाएवढी असते. या चकतीवर एक पातळ थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नक्षीप्रमाणे नको तो भाग कोरून काढायचा, कुठे दोष राहिला काय ते तपासायचं, आणि पुन्हा नवा थर चढवायचा. ठशांनी लुगडं छापणारा कारागीर जसा एका रंगानंतर दुसऱ्या रंगाचा ठसा नेमक्या जागी बसवतो, तसंच हे काम. फरक इतकाच, की इथे शेकडो पायऱ्या असतात, एक चकती पुरी व्हायला तीनेक महिने लागू शकतात, आणि ठसा केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शाइतका सरकला तरी सगळी मेहनत वाया जाते.

यांतल्या प्रत्येक कामाचं यंत्र निराळं, आणि प्रत्येकात हात बसलेल्या कंपन्या मोजक्याच. थर चढवण्यात अमेरिकेची अप्लाइड मटेरियल्स ही १९६७ साली निघालेली कंपनी मोठी. कोरण्याच्या कामात अमेरिकेचीच लॅम रिसर्च, तिची स्थापना १९८० ची. दोष शोधण्यात केएलए. प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप चकतीवर देऊन तो धुऊन काढण्यात जपानची टोकियो इलेक्ट्रॉन, ती १९६३ पासूनची. आणि प्रकाशाने नक्षी उमटवण्यात हॉलंडची एएसएमएल. जगभर चिपांचे कारखाने कोणीही काढो, कोरियात निघोत की तैवानात, यंत्रांसाठी बहुतेकांना या पाच दारांशी यावंच लागतं. ऊस कोणाचाही असो, चरक यांचा.

इतकं ऐकल्यावर कोणालाही वाटेल, मग यांना चिंता ती कसली? बसल्या जागी पैसा! इथेच पुष्कळ जण फसतात. कारण या धंद्याचा स्वभाव आपल्या कोरडवाहू शेतीसारखा आहे. एखादं वर्ष असं येतं की कणग्या पुरत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी बियाणंही निघत नाही.

याचं कारण सोपं आहे. पाऊस थोडा कमी झाला तर शेतकरी जेवण सोडीत नाही. तो चार पैसे कमी खर्च करतो, सणाला नवे कपडे घेत नाही. पण नवा ट्रॅक्टर घ्यायचा बेत मात्र तो सरळ पुढच्या वर्षावर टाकतो. गावाचं उत्पन्न दहा टक्क्यांनी घटलं असेल, पण ट्रॅक्टर विकणाऱ्याचा धंदा निम्म्यावर येतो. चिपांच्या कारखानदारांचंही असंच आहे. चिपांचा खप थोडा मंदावला की जुनी यंत्रं पुरेशी होतात आणि नव्यांच्या मागण्या थांबतात. २००८ साली जगात चिपांच्या यंत्रांची विक्री सुमारे २,९५० कोटी डॉलर होती. २००९ साली ती १,६०० कोटींच्या आसपास आली. लगेच पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, ती दुपटीहून जास्त झाली. अलीकडे धंदा फार वाढला आहे. २०२४ साली ही विक्री सुमारे ११,७०० कोटी डॉलर झाली. आकडा वाढला, पण म्हणून स्वभाव पालटला असं समजू नये.

म्हणून मला आज जे सांगायचं आहे, ते एका वाक्यात सांगून टाकतो. या धंद्यातली कंपनी सुगीत पारखू नये, दुष्काळात पारखावी. सुगीत सगळ्यांचीच खळी भरलेली दिसतात. दुष्काळात कोणी बियाणं जपलं आणि कोणी खाऊन टाकलं, त्यावरून पुढची दहा वर्षं ठरतात.

याची दोन उदाहरणं पाहा. दोन्ही नक्षी उमटवण्याच्याच यंत्रांची आहेत.

पहिली कंपनी अमेरिकेची, जीसीए. चकतीवर एका वेळी एक चौकोन छापून पुढे सरकणारं यंत्र बाजारात प्रथम आणलं ते याच कंपनीनं, १९७८ साली. तिच्या यंत्राची भिंगं जर्मनीच्या झाइस या नामांकित संस्थेची होती. काही वर्षं धंदा इतका जोरात चालला की गिऱ्हाइकांनी रांगेत उभं राहावं. पण यंत्रं बिघडत, आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीकडे लक्ष देण्याची घाई कोणाला नव्हती. तोवर जपानच्या निकॉन आणि कॅनन या कॅमेऱ्याच्या कंपन्या याच धंद्यात उतरल्या होत्या. त्यांची यंत्रं न कुरकुरता चालत. १९८५ च्या सुमारास मंदी आली, मागण्या आटल्या, आणि ज्या गिऱ्हाइकाला कारण मिळालं तो दुसऱ्या दुकानाकडे वळला. अमेरिकेतल्या चिप कारखानदारांनी सरकारच्या साहाय्याने १९८७ मध्ये सेमाटेक नावाची संस्था काढली होती. तिने जीसीएला उभं करण्याचा प्रयत्न केला. यंत्र सुधारलंही. पण गेलेलं गिऱ्हाईक परत आलं नाही, आणि १९९३ साली ती कंपनी बंद झाली.

दुसरी कंपनी एएसएमएल. १९८४ साली हॉलंडमधल्या आइंडहोव्हन शहरात फिलिप्स आणि एएसएम इंटरनॅशनल या दोघांनी मिळून ती काढली. आरंभीचं काम फिलिप्सच्या आवारातल्या लाकडी शेडमध्ये चालत असे. चारच वर्षांत, १९८८ मध्ये, एका भागीदाराने अंग काढून घेतलं, कारण पैसा नुसता जात होता, येत काहीच नव्हता. त्या वेळी ही कंपनी जगेल असं म्हणणारे फार थोडे असतील. १९९१ साली तिने एक नवं यंत्र काढलं, आणि १९९५ साली ती ॲमस्टरडॅम आणि न्यूयॉर्क इथल्या शेअरबाजारात आली.

आता मौज अशी, की हिचीही भिंगं झाइसचीच. म्हणजे ज्या विहिरीचं पाणी एका मळ्याला मिळत होतं, त्याच विहिरीचं दुसऱ्याला. मग एक मळा वाळला आणि एक पिकला, तो का?

पहिलं कारण यंत्राच्या रचनेत आहे. एएसएमएलने यंत्र असं बांधलं की त्याचे भाग सुटे करून बदलता यावेत. बिघडलेला भाग काढायचा, नवा बसवायचा आणि कारखाना पुन्हा सुरू करायचा. पुढे २००१ च्या सुमारास तिने एकाच यंत्रात दोन चौरंग बसवले. एका चौरंगावर चकती छापली जात असता दुसऱ्यावरची चकती मोजून तयार होते. पुरणपोळ्या करताना एक तव्यावर असते तोवर दुसरी पोळपाटावर लाटून होते ना, तसं. गिऱ्हाइकाचा वेळ वाचला की त्याचा पैसा वाचतो, हे तिने ओळखलं होतं.

दुसरं कारण धोरणाचं. निकॉन आणि कॅनन भिंगं स्वतः करीत. एएसएमएल बहुतेक सगळे भाग बाहेरून घेई आणि स्वतः ते जुळवून एकजीव करी. यावर गुंतवणूकदारांत पुष्कळ वाद झाले. काही म्हणत, भिंग दुसऱ्याचं, प्रकाशाचा दिवा दुसऱ्याचा, मग हिचं स्वतःचं काय? उद्या भिंगवाल्याने हात आखडता घेतला तर? हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्याला दुसरी बाजूही होती. सगळं आपल्याच घरात करणाऱ्याला मंदीत सगळा संसार पोसावा लागतो. बाहेरून घेणाऱ्याला मागणी आवरती घेता येते. आणि ज्याच्या त्याच्या कामात जो निष्णात, त्याचं काम मिळतं. मात्र ज्या भागांवाचून अडेल, त्यांच्या बाबतीत ही कंपनी नुसत्या विश्वासावर राहिली नाही. प्रकाशाचे दिवे करणारी अमेरिकेतली सायमर कंपनी तिने २०१३ साली विकत घेतली. २०१६ साली झाइसच्या या शाखेतला २४.९ टक्के वाटा १०० कोटी युरो देऊन घेण्याचं ठरवलं. सोबत्याला लाचार करायचं नाही, पण त्याला आपल्याशी बांधून घ्यायचं, असं हे धोरण.

तिसरं कारण मी ज्याला बियाणं म्हटलं ते. २००८ साली एएसएमएलची विक्री सुमारे २९५ कोटी युरो होती. २००९ च्या पहिल्या तिमाहीत विक्री झाली सुमारे १८ कोटींची. आदल्या वर्षी याच तिमाहीत ती ९० कोटींच्या वर होती. म्हणजे जिथे पाच पोती येत होती तिथे एक आलं. सबंध वर्षाची विक्री १६० कोटींवर आली आणि कंपनीला तोटा झाला. तिने माणसं कमी केली, खर्च छाटले. पण संशोधनावर त्याही वर्षी ४५ कोटी युरोंहून जास्त खर्च केला. त्या वेळी एखादा भागधारक रागावून विचारू शकत होता, की घरात तोटा असताना ही चैन कशासाठी? पुढच्याच वर्षी विक्री ४५० कोटी युरोंवर गेली. दुष्काळात बियाणं जपलेल्याला मृगाचा पाऊस सापडला.

ते संशोधन कसलं होतं, हे आता सांगतो, कारण सगळ्यांत मोठा वाद त्यावरूनच झाला. चिपेवरची नक्षी जितकी बारीक, तितका बारीक लहरींचा प्रकाश हवा. जाड टाकाने बारीक अक्षर निघत नाही, हे गुरुजींना सांगायला नको. तेव्हा १३.५ नॅनोमीटर लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरायचं ठरलं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. हा प्रकाश मोठा हट्टी. तो हवेत विरतो, काचेत शोषला जातो. म्हणून यंत्राच्या आत निर्वात पोकळी ठेवावी लागते आणि भिंगांऐवजी आरसे लावावे लागतात. आणि हा प्रकाश तयार कसा करायचा? कथिलाचे बारीक थेंब, सेकंदाला ५० हजार, पोकळीतून सोडायचे आणि प्रत्येक थेंबाला उडता उडता लेझरच्या किरणाने दोनदा टिपायचं! भांड्यांना कल्हई लावण्याच्या कथिलातून जगातला सर्वांत बारीक टाक तयार झाला.

पण व्हायला किती वर्षं लागली? प्रयोगाची पहिली यंत्रं २००६ मध्ये बाहेर पडली. कारखान्यात रोजच्या उत्पादनासाठी हा प्रकाश वापरात आला तो २०१९ च्या सुमारास. मधली तेरा वर्षं ‘यंदा नाही, पुढच्या वर्षी’ असंच चाललं होतं. निकॉनने या वाटेवरून पाय मागे घेतला. गुंतवणूकदारांत सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, हे मृगजळ आहे, पैसे भागधारकांना परत द्या. दुसरा म्हणे, आता मागे फिरलो तर आजवर ओतलेलं पाणी वाया जाईल. आज निकाल ठाऊक असल्यामुळे पहिल्यांना हसणं सोपं आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न योग्यच होता. खणत राहिल्याने प्रत्येक विहिरीला पाणी लागतंच असं नाही. कोरडी विहीर खणता खणता कर्जात बुडालेली घरं आपण पाहिली आहेत.

मग कंपनीने खणण्याचा खर्च एकटीवर घेतला काय? नाही. इथे तिने २०१२ साली जी युक्ती केली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिने आपल्या तीन मोठ्या गिऱ्हाइकांना, म्हणजे अमेरिकेची इंटेल, तैवानची टीएसएमसी आणि कोरियाची सॅमसंग यांना सांगितलं, की पाणी लागलं तर ते तुमच्याच मळ्याला जायचं आहे, तेव्हा खणायला तुम्हीही हातभार लावा. तिघांनी मिळून संशोधनासाठी १३८ कोटी युरो देण्याचं कबूल केलं, आणि ३८५ कोटी युरो देऊन कंपनीचे २३ टक्के भाग घेतले. भागांचे हे पैसे कंपनीने इतर भागधारकांना परत केले, आणि त्यांच्या शेअरांची संख्या त्या प्रमाणात कमी केली. त्यामुळे जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला नाही. गिऱ्हाईक स्वतःचे पैसे घालायला तयार होतं याचा अर्थ त्याला हे यंत्र खरोखर हवं होतं. शंभर तज्ज्ञांच्या भाकितांपेक्षा हा पुरावा मोठा.

यातली पुढची गोष्टही बोधप्रद आहे. टीएसएमसीने आपला पाच टक्के वाटा २०१५ सालीच विकून टाकला, म्हणजे यंत्र कामाला लागण्याच्या चार वर्षं आधी. त्यानंतर त्या शेअरची किंमत कितीतरी पटींनी वाढली. मग टीएसएमसी चुकली काय? मला तसं वाटत नाही. तिला शेअर नको होता, यंत्र हवं होतं, आणि ते तिला मिळालं. दुसऱ्याने विकलं म्हणून आपण विकायचं, मोठ्याने घेतलं म्हणून आपण घ्यायचं, यात अर्थ नाही तो यासाठीच. त्याचा हेतू निराळा, आपला निराळा.

आता बाकीच्या कंपन्यांकडे वळू. संशोधनाचा खर्च वाढत चालला तेव्हा त्यांतल्या काहींना वाटलं, दोघे एक झालो तर खर्च वाटला जाईल. अप्लाइड मटेरियल्स आणि टोकियो इलेक्ट्रॉन यांनी २०१३ च्या सप्टेंबरात एकत्र येण्याचं जाहीर केलं. शेअरबाजारात आनंद झाला. पण स्पर्धा मरेल अशी शंका अमेरिकेच्या न्याय खात्याने घेतली, आणि एप्रिल २०१५ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. लॅम आणि केएलए यांनी २०१५ मध्ये तसाच घाट घातला आणि तोही २०१६ मध्ये फिसकटला. अप्लाइडने जपानची कोकुसाई इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलं, पण चीनची परवानगी वेळेत न आल्यामुळे २०२१ मध्ये तो व्यवहार मोडला. तीन लग्नं ठरली आणि तिन्ही मांडवात मोडली! यावरून इतकं समजावं, की या धंद्यात विकत घेऊन मोठं होण्याची वाट आता अरुंद झाली आहे. जे वाढायचं ते स्वतःच्या कामानेच. तेव्हा ‘अमुक कंपनी तमुक कंपनीला घेणार’ या वार्तेवर पैसे लावणं म्हणजे लग्नाआधी बारशाची तयारी करणं.

मोडलेल्या लग्नानंतर अप्लाइडने ३०० कोटी डॉलरपर्यंत स्वतःचेच शेअर परत घेण्याचं ठरवलं. यावरही नेहमी वाद चालतो. शेअर परत घेतले की उरलेल्या प्रत्येक भागाच्या वाट्याला नफा अधिक येतो, म्हणून भागधारक खूश होतो. दुसरा म्हणतो, हेच पैसे प्रयोगशाळेत का घातले नाहीत? दोघांनाही उत्तर एकच आहे. बियाणं बाजूला ठेवून उरलेलं धान्य वाटलं तर ती उदारता. बियाण्यातून वाटलं तर तो अविचार. तेव्हा शेअर परत घेतल्याची बातमी वाचली की लगेच संशोधनाच्या खर्चाचा आकडा पाहावा.

दुष्काळात तगवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे देखभालीचं उत्पन्न. एकदा विकलेलं यंत्र पंधरा-वीस वर्षं चालतं. त्याला सुटे भाग लागतात, दुरुस्ती लागते, सुधारणा लागतात. नवं यंत्र कोणी घेवो न घेवो, जुनं चालू ठेवावंच लागतं. एएसएमएलच्या २०२४ च्या सुमारे २,८३० कोटी युरोंच्या विक्रीत साडेसहाशे कोटींच्या आसपास रक्कम अशा कामांतून आली होती. हे उत्पन्न म्हणजे दारची म्हैस. पीक बुडालं तरी सकाळ-संध्याकाळ दूध देते. कंपनीच्या अहवालात आधी ही म्हैस शोधावी.

आणि एक धोका असा, की जो कारखान्याच्या हाती नाही. या यंत्रांवाचून आधुनिक शस्त्रंही होत नाहीत, त्यामुळे राज्यकर्त्यांचं त्यांवर लक्ष आहे. वर सांगितलेल्या कथिलाच्या प्रकाशाचं यंत्र चीनला देण्याचा परवाना डच सरकारने २०१९ पासून दिला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने आपल्या यंत्रांवर कडक निर्बंध घातले, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून हॉलंडने आणखी काही यंत्रांना परवान्याची अट लावली. आणि तरीही २०२४ साली एएसएमएलच्या विक्रीपैकी एकतृतीयांशाहून जास्त विक्री चीनमध्ये झाली, कारण निर्बंध वाढतील या भीतीने तिथल्या कारखान्यांनी मिळतील ती जुन्या पद्धतीची यंत्रं घेऊन ठेवली. ही मागणी खऱ्या गरजेची किती आणि भीतीची किती, हे पारखणं कठीण. टंचाई येणार म्हणून लोकांनी दोन-दोन पोती साखर भरून ठेवली, तर वाण्याने ती कायमची गिऱ्हाइकी समजू नये.

याचा झटका कसा बसतो ते १५ ऑक्टोबर २०२४ या दिवशी दिसलं. तांत्रिक चुकीमुळे एएसएमएलचा तिमाही अहवाल एक दिवस आधीच प्रसिद्ध झाला. विक्री चांगली, सुमारे ७५० कोटी युरो. नफा २०० कोटींच्या वर. पण नव्या मागण्या २६० कोटींच्या, आणि बाजाराची अपेक्षा होती ५०० कोटींच्या वर. पुढल्या वर्षाचा अंदाजही कंपनीने खाली आणला होता. एका दिवसात शेअर सुमारे १६ टक्क्यांनी कोसळला. कारखाना तोच, माणसं तीच, यंत्र तेच, आणि नफाही झालेला. मग बदललं काय? बदलली ती लोकांची अपेक्षा. चांगली कंपनी आणि चांगली किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खिलारी बैल उत्तम खरा, पण जत्रेत चढाओढीने दुप्पट दाम मोजून आणला, तर बैलाचा दोष नाही, दाम मोजणाऱ्याचा आहे.

आपल्या देशातही आता या उद्योगाचं वारं वाहू लागलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये भारत सरकारने त्यासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा इथे टाटांच्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली. अप्लाइड आणि लॅम यांची बंगळूरला मोठी कार्यालयं आहेत, आणि पवईच्या आय.आय.टी.मधल्या प्रयोगशाळेला अप्लाइडचं साहाय्य लाभलं आहे. या कामाला पदार्थविज्ञान, रसायन आणि यंत्रशास्त्र जाणणारे हात हवे आहेत. गुरुजनहो, कथिलाच्या थेंबाची गोष्ट आठवीच्या वर्गात सांगून पाहा. प्रकाशाच्या लहरींचा धडा मुलं विसरणार नाहीत.

मात्र वारं वाहू लागलं की त्याबरोबर पाचोळाही उडतो. नावात ‘सेमिकंडक्टर’ हा शब्द आहे एवढ्यावर कोणा छोट्या कंपनीचा शेअर विकायला कोणी आला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या मंदीत तुमच्या कंपनीने काय केलं? तिचं गिऱ्हाईक कोण, आणि तो दुसऱ्यांदा आला काय? संशोधनावर किती खर्च होतो? उत्तर देताना तो अडखळला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावावं.

आणि शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. दुष्काळ फक्त कंपनीलाच येत नाही, तो भागधारकालाही येतो. मुलीचं लग्न, आजारपण, विहिरीची मोटार जळणं, ही संकटं शेअरचा भाव पाहून येत नाहीत. निम्म्या किमतीला आलेला शेअर तीन वर्षांनी वर येईलही, पण तोवर थांबायची ऐपत आपल्याला आहे काय? नसेल, तर कंपनी कितीही उत्तम असो, ते पैसे तिथे घालू नयेत. डाकघर आहे, बँकेतली मुदतीची ठेव आहे, तिथे ते सुरक्षित राहतील. ज्या पैशावाचून पाच-सात वर्षं अडणार नाही, तेवढेच या वाटेला लावावेत, आणि तेही एकाच कंपनीत नव्हेत. सगळी जमीन एकाच पिकाखाली कोणी आणीत नाही.

एएसएमएलने २००९ साली तोटा सोसून बियाणं जपलं, ते तिच्याजवळ सोसण्याइतकं होतं म्हणून. जीसीएजवळ यंत्र होतं, नाव होतं, सरकारचा आधार होता, पण वाईट दिवसांत पाठीशी उभं राहील असं गिऱ्हाईक तिने जोडलं नव्हतं. कंपनीला लागणारं हे शहाणपण आणि तुम्हा-आम्हाला संसारात लागणारं शहाणपण, यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.